शंभरातल्या ऐंशी पोरांना गोळी मिळाली, म्हणजे नेमकं काय झालं?

हिवतापाच्या कार्यक्रमाचा कुठलाही रिपोर्ट उघडा, पहिल्याच पानावर एक टक्का असतो. इतक्या मुलांपर्यंत पोचलो, ८५ टक्के, ९२ टक्के, आणि कधीकधी १०४ टक्के पण, हो, शंभराच्या वर. मी दोन सीझन मच्छरदाण्यांच्या सर्व्हेला चोपडा-शहादा पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला घरोघरी फिरलेय, आणि तेव्हापासून असा आकडा दिसला की डोक्यात पहिले हाच प्रश्न येतो की उरलेली पोरं कोणती? किती उरली ते तर वजाबाकी करून पण कळतं, पण कोणती उरली ते त्या टक्क्यात कुठेच नसतं. बातम्यांमध्ये कव्हरेज कव्हरेज असं सारखं येतं पण ते काढतात कसं हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उदाहरण आफ्रिकेतलं घेते, कारण लहान मुलांपर्यंत हिवतापाचं प्रतिबंधक औषध पोचवायचं आणि मग ते खरंच पोचलं का हे मोजायचं, हे काम सगळ्यात मोठ्या प्रमाणावर तिथेच झालंय. सहारा वाळवंटाच्या खाली माली, नायजर, बुर्किना फासो, चाड, उत्तर नायजेरिया असा एक आडवा पट्टा आहे, साहेल म्हणतात त्याला. आपल्या खान्देशासारखंच, पाऊस तीन-चार महिने आणि बाकी वर्ष कोरडं, शेतात ज्वारी-बाजरी (बाजरी मुळात तिकडचीच, हजारो वर्षांपूर्वी तिथून आपल्याकडे आली). पाऊस लागला की डास, आणि वर्षभरातला बहुतेक हिवताप त्या तीन-चार महिन्यांतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात हिवतापाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिका विभागात, आणि तिथल्या दर चार मृत्यूंपैकी तीन पाच वर्षांखालच्या लेकरांचे. हे वाचून पुढे जाता येत नाही लगेच, मला तरी.

तर यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की ज्या भागात हिवताप पावसाळ्यातच एकवटतो तिथे ३ महिने ते ५ वर्षांच्या आतल्या मुलांना, ताप असो-नसो, पावसाळ्यात दर महिन्याला औषधाचा एक पूर्ण कोर्स द्यायचा. दोन औषधं असतात. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन एकदाच, पहिल्या दिवशी, आणि अमोडायक्विन सलग ३ दिवस. पहिल्या दिवसाचा डोस गावातला कार्यकर्ता समोर उभा राहून देतो, उरलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या आईकडे देऊन जातो. एकदा कोर्स झाला की साधारण २८ दिवस संरक्षण, मग पुढची फेरी, अशा चार किंवा पाच. चाचण्यांमध्ये मुलांचा हिवताप सुमारे तीन चतुर्थांश कमी झालेला दिसला, आणि २०२३ मध्ये १९ देशांत दर फेरीला सरासरी ५ कोटी ३० लाख मुलांना हे औषध मिळालं. आपल्याकडे ही पद्धत नाही, कारण आपल्याकडे व्हायवॅक्स जातीचा हिवताप पण मोठ्या प्रमाणात आहे, तो लिव्हरमध्ये दबा धरून बसतो आणि परत परत उठतो, शिवाय इथे भार फक्त पाच वर्षांखालच्या मुलांवर नाही, मोठ्यांवर पण आहे. पण मोजण्याचा प्रश्न मात्र डिट्टो तोच आहे, नायजर काय आणि नंदुरबार काय.

आता टक्का कसा काढतात. वर अंश, खाली छेद, शाळेतलंच गणित. वर वाटलेली पाकिटं, खाली त्या भागातली एकूण पात्र मुलं. पाकिटं मोजणं सोपं आहे, गोडाऊनमधून किती गेली, किती परत आली. खालचा आकडा आणायचा कुठून? जनगणनेवरून अंदाज करतात. नायजेरियाची शेवटची जनगणना २००६ ची. आपली २०११ ची. मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गाव सोडून गेलं, कुठे नवीन वस्ती उठली, हे सगळं अंदाजपंचे धरून चालतात.

समजा कागदावर एका गावात पात्र मुलं ८०. वाटप झालं, ८४ पाकिटं संपली. ८४ भागिले ८०, झाले १०५ टक्के, साहेब खूश. प्रत्यक्षात गावात मुलं आहेत १००, कारण गाव वाढलंय. त्या ८४ पाकिटांतली १० गेली शेजारच्या गावच्या मुलांना, कारण वाटपाच्या दिवशी बाजार होता आणि आया लेकरं कडेवर घेऊन बाजाराला आल्या होत्या. आणखी ४ गेली सहा वर्षांच्या पोरांना, कारण जन्माचा दाखला नाही आणि आई म्हणाली पाचवं सरायचंय अजून. राहिली ७०. म्हणजे १०० पैकी ७०, आणि रिपोर्टमध्ये १०५. यात कोणी एक जण पण खोटं बोललेला नाही हे लक्षात घ्या, सगळ्यांनी आपापलं काम प्रामाणिकपणे केलं आणि तरी ३० पोरं गायब झाली. म्हणून १०० च्या वरचा टक्का दिसला की टाळ्या वाजवायच्या नसतात, आधी छेद तपासायचा असतो.

दुसरी गोष्ट, मिळालं म्हणजे काय मिळालं? पाकीट घरात पोचलं, की पहिला डोस पोटात गेला, की तिन्ही दिवसांचे गेले? पहिल्या डोसनंतर अर्ध्या तासाच्या आत मुलाने उलटी केली तर परत द्यायचा असतो, तो दिला का? ज्या मुलाला त्या दिवशी ताप होता त्याला हे औषध द्यायचं नसतं, त्याची आधी हिवतापाची तपासणी करायची असते, मग त्याला "मिळालं नाही" मध्ये धरायचं का वेगळं? प्रत्येक पायरीला थोडी थोडी पोरं गळतात. बादलीभर पाणी विहिरीवरून काढलं आणि घरी आणेपर्यंत हिंदकळत हिंदकळत अर्धं सांडलं, तर विहिरीवरचं माप सांगून काय उपयोग. १९७८ मध्ये तानाहाशी नावाच्या अभ्यासकाने जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत हेच मांडलं होतं, की सेवा उपलब्ध असणं, तिथवर पोचता येणं, लोकांनी ती स्वीकारणं, प्रत्यक्ष घेणं आणि तिचा गुण येणं हे वेगवेगळे टप्पे आहेत आणि प्रत्येकाचा टक्का वेगळा काढावा लागतो. इतकी वर्षं झाली याला, अजून बऱ्याच ठिकाणी पहिल्या टप्प्याचाच आकडा मिरवतात.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते, थोडं गणित आहे पण सोपं आहे. समजा चार फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला बरोबर ८० टक्के मुलांना औषध मिळालं. चारही रिपोर्ट सारखे, ८०, ८०, ८०, ८०. याचे दोन अर्थ होऊ शकतात आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक, प्रत्येक वेळी सुटणारी पोरं वेगवेगळी होती, या महिन्यात हा मामाच्या गावाला गेला होता, पुढच्या महिन्यात ती झोपली होती. मग चारही फेऱ्या पूर्ण झालेली मुलं निघतात ४१ टक्के (०.८ चार वेळा गुणा), आणि एकदाही काहीच न मिळालेली हजारात जेमतेम दोन. दोन, प्रत्येक वेळी तीच पोरं सुटली. मग ८० टक्क्यांना चारही फेऱ्या मिळाल्या, आणि हजारातल्या २०० मुलांना अख्खा पावसाळा एक गोळी नाही. दोन आणि दोनशे. फेरीनिहाय टक्का दोन्हीकडे तोच. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी कागदावर परत परत गुणाकार करून बघितला होता, कारण पटतच नव्हतं.

आणि खरं जग या दोन्हींच्या मधे असतं, पण दुसऱ्या बाजूला जास्त झुकलेलं. कारण पोरं चिठ्ठ्या टाकून सुटत नाहीत. जे घर नदीपलीकडे आहे ते दर महिन्यालाच नदीपलीकडे असतं, आणि पावसाळ्यात तर नदी अजूनच रुंद होते. ज्या पाड्याची भाषा वाटप करणाऱ्याला येत नाही ती पुढच्या महिन्यात पण येत नसते. म्हणून सीझन संपल्यावर एक सर्व्हे असा करावा लागतो की ज्यात एकेका मुलाचा पूर्ण हिशोब विचारलेला असतो, पहिल्या फेरीत मिळालं का, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. फेरीचा टक्का वेगळा, मुलाचा टक्का वेगळा. हिवतापाची नवीन लस आलीये ना, आर२१, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच बनते, तिचे पण चार डोस आहेत, तिथेही हाच हिशोब लागणार, पहिला डोस किती जणांना यापेक्षा चौथ्यापर्यंत कोण टिकलं हे बघावं लागणार.

बरं, पण सगळ्याच मुलांना विचारायला कोणाकडे वेळ आहे न पैसा. मग सॅम्पल घ्यायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आपण, ते खरंय, पण भात नीट ढवळलेला असेल तर. आमच्याकडे जळगावला कापसाची गाडी आली की व्यापारी वरचा कापूस बघून भाव करत नाही, तो हात कोपरापर्यंत आत घालतो, डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, बुडाला, कारण वरचा कापूस उन्हाने वाळलेला असतो आणि ओल असते आत. सर्व्हेचं सगळं शास्त्र त्या हात घालण्यात आहे. आपण पोरं निवडतो कुठून, वरची की आतली?

यातली एक पद्धत तर खरंच माल तपासण्यातूनच आलीये. १९२० च्या दशकात अमेरिकेत कारखान्यांत मालाची खेप पास करायची का परत पाठवायची हे ठरवायला थोडेच नग तपासायची रीत निघाली, तीच नंतर आरोग्याच्या कामात आणली, लॉट क्वालिटी म्हणतात तिला. एका सुपरवायझरचा जो भाग असेल त्यातून १९ मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची. टार्गेट ८० टक्के असेल तर १९ पैकी किमान १३ जणांना औषध मिळालेलं पाहिजे. १३ किंवा जास्त, भाग पास. १२ आले की त्या भागात काहीतरी बिघडलंय, लगेच जाऊन बघा. एवढीशी १९ पोरं, कसं काय चालतं? असं बघा, भागात खरंच ८० टक्के काम झालं असेल तर १९ मध्ये १३ किंवा जास्त येण्याची शक्यता ९३ टक्के आहे, आणि काम ५० टक्केच झालं असेल तर १३ गाठण्याची शक्यता जेमतेम ८ टक्के. म्हणजे चांगलं आणि वाईट वेगळं करायला १९ पुरतात. पण १९ पैकी १५ आले म्हणून या भागाचं कव्हरेज ७९ टक्के असं मात्र म्हणायचं नाही, ती चूक फार जण करतात. ही पद्धत फक्त पास-नापास सांगते. टक्का पाहिजे असेल तर बऱ्याच भागांचे १९-१९ एकत्र करून जिल्ह्याचा काढायचा. फायदा हा की दोन फेऱ्यांच्या मधे पटकन उरकतं, म्हणजे पुढच्या महिन्यात सुधारता येतं.

टक्का काढायला जुनी पद्धत ३० गुणिले ७ ची, लसीकरणात खूप वापरली. लोकसंख्येच्या प्रमाणात ३० गावं, प्रत्येक गावातून ७ मुलं, २१० झाली, उत्तर साधारण १० टक्के इकडे-तिकडे. एका गावातून ७ घेतली तरी ती ७ वेगळ्या माणसांएवढी माहिती देत नाहीत, कारण एका पाड्यावरची पोरं सारखीच असतात, नर्सबाई तिथे गेली तर सगळ्यांना मिळालं, नाही गेली तर कोणालाच नाही, म्हणून सॅम्पल जवळपास दुप्पट घ्यावं लागतं. गावात पहिलं घर निवडायला पूर्वी चौकात उभं राहून पेन्सिल फिरवायचे, टोक जिकडे तिकडे चालायला लागायचं. आता ते टाळायला सांगतात, कारण त्यात चौकाजवळची घरं जास्त येतात. आणि आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तर चौकच नसतो. एक गाव म्हणजे चार-सहा पाडे, एकेक घर आपापल्या शेतात, मधे टेकडी, मधे नाला, पेन्सिल फिरवणार कुठे. तिथे आधी सगळ्या घरांची यादीच करावी लागते, नकाशा काढावा लागतो, आणि सर्व्हेच्या बजेटमध्ये पहिली कात्री यालाच लागते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बंद घराचं पण असंच. यादीत घर निघालं, गेलो तर कुलूप. शेजारच्या घरात जाऊन फॉर्म भरून टाकायचा मोह होतो, सॅम्पल तर पूर्ण झालं पाहिजे ना. पण कुलूप का आहे? दिवाळीनंतर असेल तर नवराबायको पोरंबाळं घेऊन ऊसतोडीला गेलीत, नाहीतर गुजरातेत मजुरीला. पावसाळ्यात असेल तर निंदणीला शेतात, संध्याकाळी येतील. औषधवाला पण दिवसाच येऊन गेला असणार, त्याला पण कुलूपच दिसलं असणार. म्हणजे ज्या कारणाने मूल औषधातून सुटलं, त्याच कारणाने ते मोजणीतून पण सुटलं, आणि शेजारच्या घरी आजी आहे, सून आहे, त्या घरात दोन्ही वेळा माणूस भेटला. बदली घर घेतलं की टक्का आपोआप वर चढतो. म्हणून परत जायचं, संध्याकाळी जायचं, तरी नाही भेटलं तर "घर बंद" असाच कोड टाकायचा. पल्स पोलिओत घराच्या दारावर खडूने पी किंवा एक्स लिहायचे आठवतंय का, एक्स म्हणजे इथलं काम बाकी, कोणी घरी नव्हतं किंवा नको म्हणाले, परत या. ते एक्स मोजून परत परत जाणं हा त्या मोहिमेचा कणा होता.

मग घरात माणूस भेटला तरी विचारायचं कसं हे एक वेगळंच. चोपड्याकडच्या एका गावात मी नवीन होते तेव्हा एका बाईला सरळ विचारलं की ताई, नर्सबाईने दिलेल्या तापाच्या सगळ्या गोळ्या दिल्या ना पोराला? "दिन्ही ना बाई, दिन्ही." आता माझ्या प्रश्नातच उत्तर होतं, ती नाही कशाला म्हणेल. माझ्यासोबतची मोठी ताई बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, पाकीट ठेवलंय का गं, दाखव बरं. देवाच्या फळीवरून तिने स्ट्रिप काढली, दोन गोळ्या तशाच. तिने लपवलं नव्हतं, पोराचा ताप पहिल्या दिवशीच उतरला म्हणून पुढच्या वेळेसाठी जपून ठेवलेल्या. म्हणून चांगल्या सर्व्हेत कार्ड बघतात, रिकामी स्ट्रिप बघतात, पहिल्या दिवशी काय केलं, दुसऱ्या दिवशी काय केलं असं मोकळं विचारतात, आणि आईची आठवण ताजी असेपर्यंत विचारतात, चार महिन्यांनी नाही.

मच्छरदाणीचं मोजमाप तर मी स्वतः केलंय म्हणून त्याचं सांगते. त्यात चार वेगवेगळे प्रश्न असतात. घरात औषध लावलेली एक तरी मच्छरदाणी आहे का, दोन माणसांमागे एक या हिशोबाने पुरेशी आहे का, घरातल्या किती जणांना ती पुरते, आणि काल रात्री तिच्यात कोण कोण झोपलं. काल रात्री, हे महत्त्वाचं. रोज वापरता का विचारलं की सगळे हो म्हणतात. एका घरात मच्छरदाणी होती, दोन होत्या, नवीन, आतल्या खोलीत चार खिळ्यांना छान बांधलेल्या, मी तीन प्रश्नांना टिक केलं. चौथ्याला ती आई म्हणाली की काल तर सगळे अंगणात झोपलो. ऑक्टोबर होता, घरावर पत्रा, आत जीव घुसमटतो, आणि बाजेला दांडे कुठायत मच्छरदाणी बांधायला. हिवतापाचा डास चावतो रात्री, मुलं बाहेर, मच्छरदाणी आत. वापरत नाहीत लोक, जागृती नाही, असा शेरा मारून मोकळं होणं सोपं होतं, पण तिथे कमी होती ती बाजेच्या चार कोपऱ्यांना बांधायला चार काठ्यांची. हे फक्त चौथ्या प्रश्नाने कळलं.

आपल्याकडच्या सरकारी आकड्यांत पण हेच बघायचं असतं. आरोग्य सेवक फेरी मारतो, गेल्या पंधरा दिवसांत कोणाला ताप आला का विचारतो, आला असेल तर काचपट्टीवर रक्ताचा नमुना घेतो. वर्षभरात हजार लोकसंख्येमागे किती नमुने पॉझिटिव्ह आले त्यावर भाग किती धोक्याचा ते ठरतं, आणि शंभर लोकांमागे वर्षाला किमान १० नमुने तपासले पाहिजेत असा नियम आहे. हे दोन्ही आकडे कायम जोडीने वाचायचे. नमुने कमी घेतले की रुग्ण पण कमी दिसतात, आणि मग कागदावर तो भाग सुरक्षित होतो आणि फवारणीच्या यादीत मागे पडतो. आणि तालुक्याचे १० टक्के पूर्ण झाले तरी ते कुठले, दवाखान्याजवळच्या गावांतले का वरच्या पाड्यांवरचे, हे उपकेंद्रनिहाय उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

आमच्या दुसऱ्या सीझनला एका गावाच्या यादीत चार पाडे होते. चौथा संपवून परत निघालो तर नाल्याच्या पलीकडे धूर दिसला, चुलीचा. बरोबरची आशाताई म्हणाली तिकडे तीन वर्षांपासून सात-आठ घरं आहेत, वरून आलेली, रेशनकार्ड जुन्याच गावचं. चपला हातात घेऊन नाला ओलांडला. पाच वर्षांखालची ११ पोरं होती तिथे, मच्छरदाणी एकाही घरात नव्हती, आणि आमच्या छापील फॉर्मवर त्यांच्यासाठी घरनंबरच नव्हते, म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर आयांची नावं आणि पोरांची वयं लिहून घेतली. रात्री ते पान सुपरवायझरला दिलं तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हे टाकू कुठे, टोटलच बदलेल सगळी. मग त्यानेच नकाशा काढला, नाल्याच्या पलीकडे पेनाने पाचवा गोल केला, आणि टोटल बदलली.